डबल बेल

होटगी रोडचा विमानतळ आमच्या डेपोपेक्षा धाकटाच.
कुठं थुंकलेलं नाही, एवढाच फरक.
पोरानं तिकीट पाठवलं, सून फोनवर म्हणली,
मामा, रात्रभर एसटीत बसू नका आता.
एसटीत मी बसलो कधी?
एकतीस वर्षं उभाच होतो.

दारात ती. लाल ओठ, ताठ मान,
हात जोडलेले, डोळे माझ्या मागच्या माणसावर.
शेंगाचटणीची पिशवी, कडक भाकरीची चवड
पायाशी ठेवली, तर म्हणली, "वर."
नुसतं वर. क्रियापद नाही, काका नाही.
माझा हात पुरेना, तर
"उचलत नाही तर एवढं आणता कशाला?"
शेजारचा टायवाला खिडकीबाहेर बघू लागला.
मराठी येत होतं तिला. तेच जास्त लागलं.

दार लावलं. मग ती मोजत गेली,
अंगठ्याखाली छोटं यंत्र, टिक टिक,
नजर डोक्यांवरनं सरकत मागपर्यंत.
मीही मोजले, सवयीनं, बोटांच्या पेरांवर.
मोजताना माणूस दिसत नाही.
डोकी दिसतात.

विमान उठलं. खाली सिद्धेश्वराचं तळं,
मधोमध देऊळ, ताटातल्या लिंबाच्या फोडीएवढं.
मी जरा वाकून बघतोय तर
"बसा म्हटलं ना! एकदा सांगून कळत नाही?"
जन्म गेला बे ह्या गावात,
तळं वरनं पहिल्यांदा दिसत होतं.
बसलो.

घसा कोरडा पडला. डोक्यावरचं बटण दाबलं,
आणि हात तो हातच, दोनदा दाबलं.
एक बेल थांब, दोन बेल चल.
ती आली पाय आपटत.
पाणी मागितलं. पाणी विकत. पाचशेची नोट काढली.
"सुट्टे द्या."

देवाशप्पथ, हसूच आलं.
सुट्टे द्या!
हे दोन शब्द मी जेवढ्यांदा बोललोय
तेवढ्यांदा सिद्धरामाचं नाव घेतलं असतं
तर आज विमानाशिवाय वर असतो.

हसू तिथंच अडकलं.
अक्कलकोट–सोलापूर, मे महिना, दुपारचा दीड.
वळसंगला एक बाई चढलेली,
काखेत सूप, डोक्यावर तेंदूपानांचं गाठोडं.
म्हणलं, लगेज काढ. आठ आणे कमी पडत होते.
म्हणलं, नाय तर उतर, गाडी काय तुझ्या बापाची?
मागनं कोणतरी बोललं, राहू द्या की हो मास्तर.
दोरी ओढली. एक बेल. ती उतरली.
दोन बेल.
मागच्या काचेतनं दिसली,
गाठोडं खाली ठेवून
त्याच्याच सावलीत बसायला बघत होती.
कुंभारी अजून लांब होती.
नाव माहीत नाही. तिकीटच फाडलं नव्हतं.
तिकिटावर तरी कुठं नाव असतंय म्हणा.

माझे पाय सुजायचे तेव्हा, हे खरं.
ह्या पोरीच्या टाचेला पट्टी आहे,
बुटातनं वर सरकलेली, तेही बघितलं मी.
पण पाय त्या बाईलाही होते.

मुंबईत चाकं टेकली, सगळे उठले,
ती ओरडली, "थांबल्याशिवाय उठू नका!"
आवाज माझाच. बेंबीपासनं निघालेला,
दिवसाच्या शेवटच्या खेपेचा.

दारात पुन्हा हात जोडलेले.
थँक्यू सर, थँक्यू मॅम, थँक्यू सर.
मी विचारलं, किती भरले होते?
तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.
"काय?"
पॅसेंजर.
"बहात्तर."
माझे एकाहत्तर झाले होते.
कंडक्टर स्वतःला धरत नाही.

"चला काका, मागं लोक थांबलेत."
काका म्हणली.
ढकललं पण.
शिडी उतरताना हात आपोआप वर गेला,
दोरी नव्हती.